वहीतली ‘तक्रार नाही’ आणि वृद्धाश्रमातलं दुखणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांपुढे बाळंतपणाचा किंवा ऑपरेशनचा छोटा खासगी दवाखाना येतो. हे पत्र त्या दवाखान्यांबद्दल नाही. ज्या जागी म्हातारी माणसं महिनोन् महिने, पुष्कळदा शेवटपर्यंत राहतात ते वृद्धाश्रम, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा केंद्रं, पक्षाघात झालेल्यांना सांभाळणारी घरगुती केंद्रं यांच्याबद्दल आहे. जेवण, स्वच्छता, भजन, सणवार यांची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी मनापासून केलेली असते. दुखणं मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे, पण हा विषय चार ओळींत सांगितला की ‘वृद्धांची काळजी घ्या’ एवढाच उरतो, आणि त्यानं कुणाची कंबर हलकी होत नाही.

रात्रपाळीची वही उघडून बघा. समासात पलंगाचा नंबर आणि पुढे एक ओळ : ‘जेवण झाले. शी झाली. झोप शांत. तक्रार नाही.’ पुढच्या पलंगाला तेच, त्याच्या पुढच्याला नुसती ‘वरीलप्रमाणे’ची खूण. ही नोंद खोटी नसते. औषधांचं ताट हातात घेऊन मावशी दारातूनच विचारतात, ‘‘आजी, काही त्रास नाही ना?’’ प्रश्नातच ‘नाही’ बसलेलं आहे. आजी निजलेल्या असतात आणि निजल्या जागी गुडघा त्या क्षणी दुखत नसतो. शिवाय दहा जणींच्या खोलीत कुरकुरी म्हणून नाव व्हायला नको, मावशीचं काम वाढायला नको, मुलाच्या कानावर जाऊन खर्च नको. म्हणून उत्तर ठरलेलं : ‘‘नाही गं बाई, बरंय.’’ त्याच आजी पहाटे उठवताना पलंगाचा लोखंडी पाइप बोटं पांढरी पडेपर्यंत धरून ठेवतात. ते वहीत येत नाही, कारण वहीत तसा रकानाच नाही.

पहिली दुरुस्ती प्रश्नाची हवी. दुखणं मोजायचं ते हालचालीच्या वेळी : कुशीवर वळवताना, उठवून बसवताना, कमोडवर नेताना, आंघोळीत. ‘त्रास’ हा गोल शब्द सोडून ‘उठताना कुठं दुखायलंय?’ असं विचारायचं आणि हात लावून दाखवायला सांगायचं. सोलापुरात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आयुष्य यंत्रमागावर गेलेल्यांना त्या खटखटाटानं ऐकू कमी येतं. विचारलं की ते मान हलवतात आणि आपण ते होकार समजतो. समोर बसून, आपलं तोंड उजेडात ठेवून, सावकाश बोलायचं. ओरडण्याचा उपयोग नाही. वर चढलेला बारीक आवाज त्यांना आणखीच कमी कळतो.

दुसरी गोष्ट भाषेची. दिवसभर चांगलं मराठी बोलणारा माणूसही म्हातारपणी, विशेषतः स्मृतिभ्रंशात, दुखणं लहानपणच्या भाषेत सांगतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आजी ‘नोप्पी’ म्हणतील, अक्कलकोटकडचे कन्नड आजोबा ‘नोवू’ म्हणतील. दोन्हींचा अर्थ दुखणं. आग होते याला तेलुगूत ‘मंटा’, कन्नडमध्ये ‘उरी’. हे चार शब्द ठाऊक नसले की वहीत ‘रात्रभर बडबड’ एवढंच उतरतं. आणि शब्दाप्रमाणे औषध बदलतं. ठणका बहुधा सांध्याचा, सुजेचा किंवा जखमेचा असतो. आग, मुंग्या, चमका, सुया टोचल्यासारखं होणं ही नसेच्या दुखण्याची भाषा आहे आणि त्याला साधी वेदनाशामक गोळी फारशी लागू पडत नाही. मधुमेहात तळपायाची आग होणाऱ्या माणसाला वर्षभर गुडघ्याचीच गोळी चालू राहते, ती या एका शब्दाच्या चुकीमुळे.

किती दुखतंय हे मोजायला शून्य ते दहाची पट्टी दवाखान्यात ठीक आहे. शाळा न पाहिलेल्या ऐंशीच्या आजीला ती कोडं वाटते. ‘‘रुपयातले किती आणे दुखतंय?’’ असं विचारलं की उत्तर चटकन येतं. १९५७ साली नवे पैसे आले तरी आणे बोलण्यातून गेलेले नाहीत. काहीच नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे अशा पाच पायऱ्या; वहीत ० ते ४ लिहायचं. एका माणसाला कायम एकच पट्टी. सकाळच्या सिस्टरनी दहाची आणि रात्रीच्या मावशींनी आण्यांची वापरली तर दुखणं वाढलं की पट्टी बदलली हेच कळत नाही. आठ आणे किंवा पुढे गेलं तर काहीतरी करायचंच, आणि केल्यावर तासाभरानं परत विचारायचं. हा दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. गोळी दिल्याची नोंद असते, गोळीनं काय केलं याची नसते.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी २००३ साली अमेरिकेत तयार झालेली ‘पेनॅड’ ही तपासणी आहे. श्वास, तोंडून निघणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टी पाच मिनिटं पाहायच्या. प्रत्येकीला ०, १ किंवा २. बेरीज जास्तीत जास्त १०. चेहरा शांत किंवा हसरा असेल तर ०, उदास, घाबरलेला, आठ्या पडलेला असेल तर १, वेदनेनं वेडावाकडा झाला असेल तर २. अंग सैल असेल तर ०, ताणलेलं किंवा चुळबुळतं असेल तर १, ताठरलेलं, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले किंवा जवळ येणाऱ्याला मारायला हात उगारलेला असेल तर २. हे शेवटचं नीट वाचावं. आंघोळीच्या वेळी ‘मारकुटे’ होणाऱ्या आजोबांना झोपेचं औषध सुरू करण्याआधी त्यांचा खांदा तपासलेला असतो का? आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट लिहिलं की बोलून सांगता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे.

पेनॅड वापरताना दोन चुका नेहमी होतात. एक, माणूस झोपेत असताना गुण द्यायचे. ते शून्यच येणार. दुसरी, आलेला आकडा म्हणजे दुखण्याचं माप समजायचं. तो आकडा फक्त ‘इथं काहीतरी बिनसलंय, बघा’ एवढंच सांगतो. म्हणून गोळीकडे हात जाण्याआधी बघायचं : डायपर ओला आहे का, भूक-तहान आहे का, तीन दिवसांत शी झाली आहे का, ओटीपोट फुगून लघवी तुंबली आहे का. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत तुंबलेली लघवी हे रात्री अचानक सुरू झालेल्या आरडाओरडीचं फार मोठं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. आणि तोंड. ‘जेवत नाहीत’ असा शेरा असेल तर टॉर्च घेऊन तोंडात बघा. हलणारा दात, कवळीखालची जखम, पांढरी बुरशी, काहीही सापडू शकतं. आमटीत चुरलेली कडक भाकरी आयुष्यभर आवडीनं खाल्लेला माणूस ताटाकडे पाठ फिरवतो तेव्हा भूक गेली असं धरून चालू नये.

एवढं बघूनही कारण सापडलं नाही तर डॉक्टरांना विचारून काही दिवस घड्याळ लावून पॅरासिटामॉल देऊन पाहतात. ‘दुखलं तर द्या’ ही सूचना ज्याला मागताच येत नाही त्याच्या कामाची नाही. ६५०ची गोळी दिवसातून तीनदा म्हणजे १९५० मिलिग्रॅम. ५० किलोंच्या आतल्या कृश म्हाताऱ्या माणसाला तेवढं पुरे. धडधाकट प्रौढाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम असली तरी कृश, यकृत बिघडलेल्या किंवा दारूची सवय असलेल्या वृद्धाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय २ ग्रॅमच्या वर जाऊ नये. गफलत होते ती जोडगोळ्यांमुळे. भेटायला आलेला मुलगा मेडिकलमधून ‘दुखण्याची गोळी’ आणून उशाशी ठेवून जातो. तिच्यात बहुतेक वेळा अ‍ॅसिक्लोफिनॅकबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. केंद्राची गोळी वेगळी चालूच असते. नावं दोन, औषध एकच. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून प्रत्येक गोळीतलं पॅरासिटामॉल एकाच कागदावर मांडायचं आणि उशाखालच्या पुड्या आठवड्यातून एकदा, न रागावता, तपासायच्या.

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांची भीती वाटावी असा आपला उन्हाळा आहे. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, पायाची सूज उतरवायला दिलेली ‘पाण्याची गोळी’ आणि वर ही वेदनाशामक, अशी तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी घटतो. त्यात पारा ४० च्या पुढे, नळाला पाणी काही दिवसांआड, आणि रात्री संडासला उठायला लागू नये म्हणून आजी-आजोबांनी आपणहून कमी केलेलं पाणी. लघवी कमी, पायावर सूज, गुंगी दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं नुकसान झालेलं असतं. एकट्या गुडघ्यासाठी दुखतंय तिथंच चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेल हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. रक्तात फार थोडं जातं. नसेच्या दुखण्याला गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन लहान डोसानं, रात्री सुरू करतात. पहिला आठवडा चक्कर आणि तोल जाण्याचा, तेव्हा रात्री एकट्यानं उठू द्यायचं नाही. याच दुखण्यावरची जुनी, स्वस्त अ‍ॅमिट्रिप्टिलिन म्हाताऱ्यांत लघवी तुंबवते, बद्धकोष्ठ करते, भ्रम करते. ती शक्यतो नकोच.

कर्करोगाच्या किंवा तशा तीव्र दुखण्यात मॉर्फिन लागतं, आणि नाव काढताच सगळे दचकतात. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ गटात आली आणि राज्याच्या औषध प्रशासनाची मान्यता घेतलेल्या वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याचा मार्ग सोपा झाला. वृद्धाश्रमानं स्वतः साठा करण्याची गरज नाही. मान्यताप्राप्त रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवलं, चिठ्ठी आणि मोजणीची वही नीट असली की काम होतं. मॉर्फिनहून सौम्य असलेलं ट्रॅमाडॉलही २०१८ पासून याच कायद्याखाली आहे. ते नैराश्याच्या काही औषधांबरोबर दिलं तर झटके येण्याचा धोका वाढतो. मॉर्फिन-ट्रॅमाडॉलसारख्या कुठल्याही औषधाबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून द्यायचं. इथं घरोघरची सवय आड येते : इसबगोल. इसबगोल पाणी शोषून फुगतो. आतड्याची हालचालच मंदावलेली असताना आणि पाणी कमी पीत असताना तो आतच गोळा होऊन बसतो. अशा वेळी आतड्याला हलवणारं सेना किंवा बिसाकोडिल लागतं. फेंटानिलची (मॉर्फिनच्याच जातीचं औषध) त्वचेवर चिकटवायची पट्टी लावलेल्या माणसाला उन्हात बसवू नये, पट्टीवर शेक देऊ नये. उष्णतेनं औषध अंगात एकदम जास्त जातं.

औषधाइतकंच हाताचं काम आहे. कुशीवर वळवताना काखेत हात घालून ओढणं हे पक्षाघाताच्या खांद्याच्या दुखण्याचं एक मोठं कारण. लुळ्या हाताला स्नायूंचा आधार नसतो, सांधा खाली ओघळलेला असतो. वळवायला आपल्याकडे उत्तम साधन घरचंच आहे : जुनी सोलापुरी चादर. ती लांबीत दुमडून खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत अंगाखाली घ्यायची. दोघींनी दोन्ही कडा अंगाजवळ घट्ट गुंडाळून, ‘एक, दोन, तीन’ म्हणून जराशी उचलून सरकवायचं. घासत ओढायचं नाही. तिची वीण जाड असते, म्हणून वर मऊ धुतलेली चादर हवी आणि कड किंवा गाठ माकडहाडाखाली येता कामा नये. मग दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटरीखाली दुसरी उशी अशी की टाच गादीला टेकतच नाही. एरवी दर दोन तासांनी कूस बदलायची. जखमेचं ड्रेसिंग किंवा आंघोळ असेल तर पॅरासिटामॉल त्याच्या तासभर आधी. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी अजिबात नाही. भाजलेलं त्यांना कळत नाही.

यात गुपित काही नाही, नर्सिंगच्या पुस्तकात हे सगळं आहे. तरी ते पलंगापर्यंत पोचत नाही, कारण आपल्याकडे शिकवणं म्हणजे एक दिवसाचं शिबिर. दीपप्रज्वलन, प्रोजेक्टर, जेवण, प्रमाणपत्र. त्याला संचालक येतात. कुशीवर वळवणाऱ्या मावशी मागं राहतात, कारण त्या आल्या तर पलंगांकडे कोण बघणार? आणि जे सांगितलं जातं ते कुठल्या तरी आदर्श केंद्रासाठी असतं, जिथं तीन पाळ्यांना सिस्टर असतात.

दुसरी रीत जगात रुळलेली आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटनं ती बांधली : एकाच प्रश्नावर अनेक संस्थांनी ठरावीक मुदतीसाठी एकत्र यायचं, आपापल्या जागी लहान बदल करून मोजायचं, मध्ये मध्ये भेटून एकमेकांना दाखवायचं. ऱ्होड आयलंड राज्यातल्या नर्सिंग होमनी ती नेमकी वेदनेसाठी वापरली. त्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. २००३ साली न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी हेपटायटिस-सी या यकृताच्या आजारासाठी ‘इको’ हा उपक्रम सुरू केला. त्यात तज्ज्ञ आणि गावोगावचे डॉक्टर पडद्यावर एकत्र बसून खऱ्या रुग्णाचा विचार करतात. आणि अमेरिकेपर्यंत जायचं नसेल तर केरळ आहे. १९९३ साली कोळिकोडला सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कामाला पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघर नेलं.

सोलापुरात सहा ते आठ केंद्रांनी एक वर्षासाठी हे करावं अशी आमची सूचना आहे. प्रत्येक केंद्रातून तिघं : प्रत्यक्ष अंग पुसणारी एक मावशी किंवा मामा, एक सिस्टर किंवा व्यवस्थापक, आणि भेट देणारे डॉक्टर. मावशी नसतील तर ते केंद्र घेऊ नये, इतकं हे महत्त्वाचं आहे. तीन महिन्यांतून एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष भेट. त्या दिवशी मागं थांबायला नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी शिक्षिकेसह आल्या तर ‘मागं कोण बघणार’ हा प्रश्न सुटतो आणि मुलींचंही शिक्षण होतं. भेट दुपारी उशिरापर्यंत ओढू नये, रात्रपाळीवाल्यांना परत जायचं असतं. मधल्या काळात पंधरा दिवसांनी तासभर मोबाइलवर बैठक : एक केंद्र एक माणूस मांडणार, नाव-फोटो न सांगता, बाकीचे आपल्याकडे काय करतात ते सांगणार.

मोजायचं फक्त तीनच. केंद्रात चाळीस माणसं असतील तर दर आठवड्याला प्रत्येक चौथा पलंग असे दहा जण घ्या. दहापैकी किती जणांना या आठवड्यात हालचालीच्या वेळी विचारून आकडा लिहिला? ज्यांचं दुखणं आठ आणे किंवा त्याहून जास्त होतं त्यांतल्या किती जणांना उपायानंतर तासाभरानं परत विचारलं? आणि दहापैकी किती जणांचं दुखणं आठ आणे किंवा त्याहून जास्त आहे? आलेखाच्या कागदावर आठवड्याला एक ठिपका, कॉम्प्युटर नको. यात एक खाच आहे, ती विश्वस्तांना आधीच सांगून ठेवावी. पहिले दोन-तीन महिने तिसरा आकडा वाढेल. दुखणं वाढलेलं नसतं. विचारायला लागल्यामुळे दिसू लागलेलं असतं. हे सांगितलं नाही तर दुसऱ्या महिन्यात कुणीतरी ‘वही बंद करा, बदनामी होते’ म्हणणार.

शेजारी आणखी तीन गोष्टींची नोंद हवी : पडणं, तीन दिवस शी न होणं, दिवसा गुंगी. अमेरिकेत ताप, नाडी, श्वास, रक्तदाब यांच्यानंतर ‘वेदना ही पाचवी महत्त्वाची नोंद’ अशी मोहीम चालली आणि आकडा खाली आणण्याच्या नादात अफूजन्य गोळ्या वारेमाप दिल्या गेल्या. आपल्याकडे रोग उलटा आहे, औषध पोचतच नाही; पण आकड्याच्या मागे लागण्याचा मोह तोच असतो.

एकत्र शिकण्यात नेमकं काय मिळतं? समजा एका केंद्रात आंघोळीची झटापट होते. पहिली गोळी नाश्त्याबरोबर नऊला, आंघोळ साडेसहाला. म्हणजे दुखणं आधी, औषध मागून. ठरवलं की गोळी साडेपाचला द्यायची, एकाच आजोबांना, तीनच दिवस करून पाहायची. पहिल्या दिवशी कळतं की औषधाच्या कपाटाची किल्ली सिस्टरकडे असते आणि त्या आठला येतात. दुसऱ्या दिवशी गोळी आदल्या रात्री नाव लिहिलेल्या डबीत ठेवली. पण रात्रपाळीच्या मावशींना ‘रिकाम्या पोटी गोळी नको’ असं कुणीतरी सांगितलेलं. ते डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांना लागू आहे, पॅरासिटामॉल रिकाम्या पोटी चालतं. तिसऱ्या दिवशी जमतं. पंधरवड्याच्या बैठकीत हे मांडलं की दुसऱ्या केंद्राच्या मावशी विचारणार, ‘‘पण साडेसहालाच आंघोळ कशाला? आम्ही दहाला घालतो, सोलरचं पाणीही तोवर तापतं.’’ हे उत्तर कुठल्याच तज्ज्ञाच्या व्याख्यानात नसतं.

हे बिघडतं कसं, तेही सांगायला हवं. सगळ्यात आधी फॉर्म लांब होतो. एका बाजूच्या कागदावर मावला नाही तर तो भरला जाणार नाही, किंवा वाईट म्हणजे महिनाअखेर बसून एकदम भरला जाईल. एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेली महिन्याची पानं दिसली की समजावं. मग मावशी नोकरी सोडतात आणि शिकलेलं त्यांच्याबरोबर जातं; म्हणून प्रत्येक केंद्रात दोघी तयार हव्यात आणि नव्या बाईनं पहिले तीन दिवस जुन्या बाईच्या जोडीनंच पाळी करायची. व्हॉट्सअ‍ॅपचा गट सुप्रभातच्या फुलांनी भरतो. त्याहून धोक्याचं म्हणजे त्यावर जखमांचे, उघड्या अंगाचे फोटो पडतात. ते कुठल्याही सबबीवर नकोत. आणि केंद्रांची क्रमवारी लावायची नाही. कुणाचा ठिपका वर, कुणाचा खाली हे जाहिरातीत किंवा तपासणीत गेलं की दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे ‘तक्रार नाही’ परत येईल.

डॉक्टरांना फोन हा आणखी एक अडलेला सांधा. रात्री अकराला ‘‘आजोबा ओरडायलेत, काय देऊ?’’ असा फोन आला की उत्तर ‘‘एक इंजेक्शन द्या, सकाळी बघतो’’ असंच येणार. फोनशेजारी चार ओळींचा कागद चिकटवावा : कोण, वय किती, मुख्य आजार कोणता, कुठं दुखतंय, कधीपासून, हलवताना किती आणे किंवा पेनॅड किती, आत्तापर्यंत काय दिलं आणि किती वाजता, लघवी, शी, बीपी आणि मूत्रपिंडाचा काही आजार आहे का. हे चार वाक्यांत सांगितलं तर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. फोनवर सांगितलेला डोस परत वाचून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची सही घ्यायची.

खर्च म्हणाल तर कागद, आलेखवही, भिंतीवरची घड्याळं आणि वर्षातून चार दिवसांचं जेवण. अवघड आहे ते कुणीतरी बोलावणं. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधवैद्यक, भूल आणि जनऔषधवैद्यक विभागांनी शहरातल्या नर्सिंग कॉलेजांना सोबत घेऊन पुढाकार घेतला तर आम्ही आमचा वेळ द्यायला तयार आहोत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांतल्या सेवांचा दर्जा ठरवण्याची तरतूद आहेच. समाजकल्याण विभागानं निरीक्षक न पाठवता श्रोता पाठवावा. सुरुवात गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीअखेर झाली तर उन्हाळ्याआधी बीपीची, पाण्याची आणि वेदनाशामक अशी गोळ्यांची ती त्रिकुटं तरी सापडतील.

नातेवाइकांनाही एक विनंती. रविवारी भेटायला जाताना केळी, बिस्किटं न्या, पण दुखण्याच्या गोळ्या नेऊ नका. ‘‘कशी आहेस?’’ याऐवजी ‘‘चल, जरा दारापर्यंत जाऊ’’ म्हणा आणि उठताना चेहरा बघा. जे दिसेल ते सिस्टरना सांगा, वहीत लिहायला लावा.

आणि आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणं. पेनॅडच्या पाच ओळी आणि आण्यांच्या पायऱ्या एका चौकटीत, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत, कापून भिंतीवर लावता येतील अशा छापाव्यात. अक्षर मोठं हवं, कारण वाचणाऱ्या मावशींचाही चष्मा बहुतेक वेळा घरी राहिलेला असतो. तेलुगू-कन्नडचं भाषांतर मोबाइलकडून करून घेऊ नये. पूर्व भागातल्या एखाद्या आजींना वाचून दाखवावं आणि त्या जो शब्द बदला म्हणतील तो बदलावा.

आपले,
वृद्धांच्या शुश्रूषेत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट
सोलापूर